दोनशे पिल्लांचं काय करायचं?

परवा रात्री साडेदहाला, म्हणजे रेक्टर मॅडमची हजेरी होऊन गेल्यावर, फर्स्ट इयरची एक मुलगी आमच्या रूमवर आली. आमच्या रूमला या मजल्यावर 'कोळीवाडा' म्हणतात आणि त्याचं श्रेय (किंवा दोष) सर्वस्वी माझं आहे. ती दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, तुझा तो इनक्युबेटर अजून आहे का? मला पाहिजे होता." मला वाटलं, हिला मिनी प्रोजेक्टला हवा असणार. मी पलंगाखालून तो ओढायला वाकले, तेवढ्यात तिने पुढचं सांगितलं. तिच्या दादाच्या ओळखीत कोणीतरी टॅरॅन्टुला विकतं. नर-मादी दोन्ही मिळतील. सुट्टीत घरी जोडी लावायची, अंडी इनक्युबेटरमध्ये उबवायची आणि पिल्लं विकायची. एका पिशवीत शंभर पिल्लं, एका पिल्लाचे अमुक रुपये, असा हिशोब तिने वहीच्या मागच्या पानावर मांडून आणला होता. साधा गुणाकार होता, त्यामुळे चुकायचा प्रश्नच नव्हता!

मी उठून उभी राहिले आणि नाही म्हटलं.

ती नाराज झाली. साहजिक आहे. जाताना एवढंच म्हणाली, "पण ताई, तू स्वतः केलंयस ना?"

हो, केलंय. म्हणूनच नाही म्हटलं. पण हे सगळं रात्री दारात उभं राहून सांगता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी माझा व्हायवा होता. म्हणून हा लेख. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत सलग एवढं पहिल्यांदाच लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.)

तर सुरुवात आमच्या घरच्या बाथरूमपासून. आमचं घर कराडजवळच्या एका गावात आहे. जुनं घर, मागे लाकडांचा ढीग आणि आता रिकामा पडलेला गोठा. तिथे एक मोठा तपकिरी कोळी असतो. तुम्हीही पाहिला असेल. पाय पसरले की तळहाताएवढा, खेकड्यासारखा चपटा, आणि लाइट लावला की भिंतीवरून असा काही पळतो की आपणच किंचाळतो. तो जाळं विणत नाही, रात्री फिरून शिकार करतो. शिकार म्हणजे मुख्यतः झुरळं! इंग्रजीत त्याला हंट्समन म्हणतात. शास्त्रीय नाव हेटेरोपोडा वेनाटोरिया. लिनियसने १७६७ सालीच त्याची नोंद केली आहे. मूळचा आशियातला, पण जहाजांतून, केळ्यांच्या घडांतून जगातल्या सगळ्या उष्ण देशांत पोचला. चावला तर दुखतं, पण माणसाला त्याच्यापासून खरा धोका नाही. 'कोळी अंगावरून गेला की पुरळ उठतं' असं माझी आजीसुद्धा म्हणते. पण त्या रात्रीत उठणाऱ्या जळजळीत चट्ट्यांचं कारण बऱ्याचदा एक छोटा किडा असतो. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्या रसाने कातडी भाजते. कोळी बिचारा फुकट बदनाम.

या कोळ्याची मादी अंडी घालते तेव्हा ती एका चपट्या गोल पिशवीत गुंडाळते. रंग पांढरट, आकार साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढा. ती पिशवी कुठे चिकटवून ठेवत नाही. छातीखाली धरून महिनाभर सगळीकडे घेऊन फिरते. आत शे-दोनशे अंडी असतात. ते ओझं घेऊन ती भिंत चढते, फटीत शिरते, पळतेसुद्धा.

आता माझा पराक्रम. सेकंड इयरला मिनी प्रोजेक्ट म्हणून आम्ही 'ऑटोमॅटिक इनक्युबेटर' घेतला. (इन्स्ट्रुमेंटेशनच्या दर बॅचमध्ये एक ग्रुप इनक्युबेटर घेतो आणि एक ग्रुप लाइन फॉलोअर रोबो. हे आता परंपरेत मोडतं.) मेडिकलवाल्याकडून मागून आणलेला थर्मोकोलचा डबा, ४० वॅटचा बल्ब, आर्डुइनो, एक रिले आणि डीएचटी ११ सेन्सर. तापमान खाली गेलं की बल्ब लागतो, वर गेलं की विझतो. प्रश्न एकच होता, आत ठेवायचं काय? कोंबडीच्या अंड्यांना एकवीस दिवस आणि साडेसदतीस अंश लागतात. ती आणायची कुठून, आणि पिल्लं निघाली तर हॉस्टेलमध्ये पाळायची कुठे? मार्चमध्ये एका शनिवारी मी घरी गेले होते. बाथरूममध्ये मादी दिसली, पिशवी घेतलेली. मला वाटलं, सापडलं!

मी तिच्यावर डबा पालथा घातला आणि लॅबमधून आणलेल्या चिमट्याने पिशवी ओढली. ती सोडेना. चावली नाही, अंगावर आली नाही, फक्त सोडेना. मी जरा जोर लावला, तेव्हा ती पिशवीबरोबर डब्याच्या काठापर्यंत फरफटत आली. मग सुटली. मी पिशवी कापसात ठेवून हॉस्टेलला आणली. दुसऱ्या दिवशी आईने फोनवर सांगितलं की तुझी कोळीण अजून तिथेच भिंतीवर बसली आहे, सरकत पण नाही. कोळ्याला दुःख होतं का ते मला माहीत नाही, आणि उगाच माणसाच्या भावना तिला चिकटवायच्या नाहीत हे मलाही कळतं. पण चिमट्याच्या टोकाला जो ताण जाणवला होता तो मला अजून आठवतो. त्याला कुठल्याच सेन्सरची गरज नव्हती.

आता इंजिनीअरिंगचा भाग, कारण हे पान वाचणारे बहुतेक जण तेच करतात. आम्ही ३० अंशांवर सेट केलं होतं. मार्चमधल्या रात्री खोलीत समजा २४ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता आहे. तीच हवा डब्यात ३० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता साधारण ३५ टक्क्यांवर येते. पाणी कुठे गेलं नाही, पण गरम हवेची पाणी मागायची ताकद वाढली. आणि ते पाणी ती कुठून घेणार? डब्यात ओलं असं एकच काही होतं, अंडी. हे आम्हाला फर्स्ट इयरलाच शिकवलं होतं. पेपरात सोडवलंही होतं! सहाव्या दिवशी स्क्रीनवर आर्द्रता घसरलेली बघून मी घाबरून ओल्या कापसाचा बोळा आत ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. हवा खेळायला भोक एकच होतं, त्यातून वायर गेलेली. शिवाय डीएचटी ११ तापमानात दोन अंश इकडेतिकडे दाखवू शकतो, तसं त्याच्या डेटाशीटमध्येच लिहिलेलं असतं. आणि आम्ही तो लावला होता डब्याच्या भिंतीला, अंड्यांपासून वीतभर लांब. म्हणजे स्क्रीनवरचे आकडे भिंतीचे होते. अंड्यांजवळ काय चाललं होतं ते कोणालाच माहीत नव्हतं.

तेराव्या दिवशी पिशवीवर राखाडी बुरशी दिसली. कात्रीने उघडली तर निम्मी अंडी सुकलेल्या साबुदाण्यासारखी आणि निम्मी एकमेकांना चिकटून पिवळी पडलेली. मी ती कागदात गुंडाळून मेसच्या मागे टाकली. पुढच्या आठवड्यात सबमिशन होतं. एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "ॲप्लिकेशन काय?" मी म्हटलं, "पोल्ट्री." पंचवीसपैकी बावीस मार्क मिळाले.

ते बावीस मार्क मला आजही नीट पचलेले नाहीत.

मे महिन्यात घरी गेले तेव्हा पुन्हा एक मादी दिसली, पिशवीसकट. तीच होती की दुसरी, ते मला ओळखता येत नाही. या वेळी मी पिशवीला हात लावला नाही. मादीलाच आजीच्या लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत ठेवलं. (धुतलेली. तरी आजी महिनाभर बोलत नव्हती.) तोंडाला मच्छरदाणीचं कापड, आत एक आंब्याची साल आलेली फांदी, आणि एका कोपऱ्यात ओला कापूस. बल्ब नाही, रिले नाही. मी फक्त बघायचं आणि वहीत लिहायचं ठरवलं.

वहीत काय आहे ते सांगते. दुपारी ऊन तापलं की ती कापसाच्या जवळ येऊन बसायची. रात्री वर, कापडापाशी. पिशवीची बाजू ती अधूनमधून बदलायची, पायांनी चाचपायची. झुरळ सोडलं तर घेत नव्हती. तोंडाशी पिशवी असताना खाणार कसं? माझ्या डब्याचा सेन्सर वीतभर लांब होता, हिचा सेन्सर अंड्यांना चिकटलेला. माझ्याकडे एक बल्ब होता, चालू नाहीतर बंद. तिच्याकडे आठ पाय होते आणि जिथे हवा बरी असेल तिथे ती स्वतः जात होती. कंट्रोल सिस्टीम्सच्या सरांनी फीडबॅकचं उदाहरण विचारलं तर मी या वर्षी हेच सांगणार आहे, मग मार्क जावोत.

मी तिला पकडल्यापासून एकोणिसाव्या दिवशी सकाळी बरणी भरलेली होती. काचेच्या आतून सगळीकडे पिल्लं! मुंगीपेक्षा लहान, जवळजवळ पारदर्शक, प्रत्येकाला पुरेपूर आठ पाय. फोटो काढून मी मोजायला बसले. १८० पर्यंत मोजली आणि मग ती हलायला लागल्यावर सोडून दिलं. घरात सगळ्यांना बोलावून आणलं. आजीसुद्धा आली, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "एवढ्यांना घालणार काय खायला?"

आजी चौथीपर्यंत शिकली आहे. माझ्या डोक्यात हा प्रश्न तोपर्यंत आलाच नव्हता.

सडक्या केळ्यावर येणारी चिलटं, हे उत्तर. मी केळ्यांची सालं बाटलीत ठेवून चिलटं तयार केली. आईने स्वयंपाकघरात यायला बंदी केली. चार-पाच दिवसांत पिल्लांनी एकमेकांना खायला सुरुवात केली. यात त्यांची चूक नाही. मोकळ्या जागेत ती पांगतात, बरणीत पांगणार कुठे? मी घाईघाईने वीस पिल्लं वेगवेगळ्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत ठेवली. बाकीची सगळी आणि त्यांच्या आईला लाकडांच्या ढिगापाशी, गोठ्याच्या भिंतीवर सोडलं. वीस बाटल्या म्हणजे रोज वीस झाकणं उघडायची, वीस ठिकाणी थेंबभर पाणी, वीस ठिकाणी चिलट. चिलट उडून जायचं ते वेगळंच. कॉलेज सुरू व्हायची वेळ आली तेव्हा त्यातली सात जिवंत होती. आई म्हणाली, मी हे करणार नाही. बरोबर होतं तिचं. तीही गोठ्यात सोडली.

शाळेत सहावीला आम्हाला 'शार्लट्स वेब' होतं. ई. बी. व्हाइट यांचं १९५२ सालचं पुस्तक. त्यातली शार्लट कोळीण ५१४ अंडी घालून मरते आणि डुकराचं पिल्लू तिची पिशवी तोंडात धरून घरी आणतं. आम्ही वर्गात रडलो होतो. पण आता मला वेगळंच आठवतं. पिल्लं निघाल्यावर बहुतेक सगळी धागा सोडून वाऱ्यावर उडून जातात, तीनच मागे राहतात. म्हणजे मुलांच्या गोष्टीतसुद्धा लेखकाला हा हिशोब लावावा लागला! आणि हे उडणं खरं आहे. डार्विनच्या जहाजावर १८३२ साली किनाऱ्यापासून साठ मैलांवर असे हजारो छोटे कोळी येऊन उतरले होते. निसर्गात दोनशेमधली दोन-चार मोठी होतात म्हणून दोनशे निघतात. आपण घरात जेव्हा दोनशेच्या दोनशे जगवायला बघतो, तेव्हा ते गणितच आपण उलटं करतो, आणि मग उरलेल्यांची जबाबदारी आपली होते.

आता टॅरॅन्टुलाकडे येते, कारण तिचा प्रश्न त्याचा होता. मी ते कधी पाळलेले नाहीत, वाचलंय मात्र पुष्कळ. परदेशात हा छंद खूप मोठा आहे आणि त्यातले चांगले लोक खरोखर मन लावून काम करतात, हे आधी कबूल करते. नर वयात आला की आधी छोटं जाळं विणून त्यावर वीर्य टाकतो, मग ते तोंडाजवळच्या दोन आखूड पायांत भरून घेतो आणि त्यानंतर मादी शोधायला निघतो. जोडी लावताना माणूस कागदाचा तुकडा हातात घेऊन बसतो, कारण मादी कधी नरालाच खाते. नंतर तिने पिशवी केली तर केली, नाहीतर कात टाकते आणि सगळं फुकट. पिशवी केली की बरेच जण साधारण महिन्याने ती तिच्याकडून काढून घेतात. कारण खोलीत धक्का बसला, उजेड पडला, उगाच छेडलं की मादी पिशवी खाऊन टाकण्याची भीती असते. मग झाकणाच्या डब्यात तळाशी पाणी, वर कापडाची झोळी, झोळीत अंडी, आणि ती एका जागी चिकटून राहू नयेत म्हणून झोळी हळूच हलवायची. अंड्यांना पाय फुटतात, मग ती कात टाकतात, पुन्हा कात टाकतात आणि तेव्हा कुठे खायला लागतात. म्हणजे इनक्युबेटरला त्यांच्याकडे कारण आहे. माझ्याकडे नव्हतं. फक्त, ते कारणही आपणच तयार केलेलं आहे. तिला शांत कोपरा देता येत नाही, म्हणून तिची अंडी काढून घ्यायची.

या सगळ्यात सगळ्यात जास्त मागणी कोणाला? एका निळ्या कोळ्याला. मोरपिशी नाही, अगदी धातूसारखा चमकणारा निळा, पोईसिलोथेरिया मेटॅलिका. आणि हा आपल्या देशातला आहे! १८९९ साली पोकॉक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं. नमुना मिळाला होता आंध्रातल्या गुत्तीला, रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत. म्हणून जगभर त्याला 'गुटी' म्हणतात. पण गुत्ती त्याचं घर नाही. तो लाकडांबरोबर गाडीतून तिथे आला असावा. नंतर शंभर वर्षं तो जंगलात पुन्हा कोणाला दिसला नाही. २००१ साली तो नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात पुन्हा सापडला. झाडांच्या ढोल्यांत राहतो. शंभर चौरस किलोमीटरपेक्षा कमी जागेत, तेवढ्या एका ठिकाणीच त्याची नोंद झाली. २००८ साली त्याला 'अतिसंकटग्रस्त' यादीत टाकलं गेलं. कारणं दोन, जंगलतोड आणि पाळण्यासाठी पकडणं.

आज युरोप-अमेरिकेत या निळ्या कोळ्याची पिल्लं लोकांच्या घरांत, कपाटांत, ओळीने लावलेल्या डब्यांत जन्मतात. विकणारे सांगतात, बघा, आम्ही घरी वाढवतो म्हणून जंगलातले वाचतात. यात थोडं तथ्य आहे. घरी जन्मलेलं पिल्लू सहज मिळत असेल तर जंगलात जाऊन पकडायची गरज कमी होते. पण त्या सगळ्या पिल्लांची पणजी-खापरपणजी याच छोट्या जंगलातून उचलून नेलेली आहे. आणि त्या डब्यांतलं एक तरी पिल्लू नंद्यालच्या झाडावर परत येणार आहे का? कोणत्या जागेतल्या मादीची, कोणत्या नराची, कोणता रोग घेऊन, काहीच नोंद नसलेली पिल्लं जंगलात सोडता येत नाहीत, सोडूही नयेत. डबे भरले म्हणून ढोल्या भरत नाहीत. मला वाटतं 'संवर्धन' हा शब्द वापरताना आपण एवढं तरी पाळावं, की ज्यातून जंगलात काही परत जात नाही त्याला छंद म्हणावं. छंद हा वाईट शब्द नाही.

कायद्याचंही सांगून टाकते, कारण तिच्या वहीत तो रकाना नव्हता. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी तेव्हापासून आपल्या कायद्याखाली आले. त्या यादीत मेक्सिकोचे लाल गुडघ्यांचे टॅरॅन्टुला आहेत, आणि पोईसिलोथेरिया गटातले सगळेच्या सगळे २०१९ पासून आहेत. यादीतला जिवंत प्राणी जवळ असला तर नोंदणी करावी लागते, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे पिल्लं झाली, दुसऱ्याला दिली, मेली, तर तेही कळवावं लागतं. शंभर पिल्लं! 'दादाच्या ओळखीत कोणीतरी' असल्या वाक्याने सुरू होणाऱ्या खरेदीत यातलं काय काय झालं असेल, ते तिनेच दादाला विचारावं. आणि ती विकणार कशी, तर कुरिअरने, डबीत टिश्यू पेपर घालून. आपल्या हॉस्टेलला घरून आलेल्या लाडवांचं काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

पाळूच नका, असं मी म्हणत नाहीये. तसं म्हणायचा मला हक्क पण नाही. ज्याला शांत जागा आहे, वीस वर्षं एका मादीला सांभाळायची तयारी आहे, कागदपत्रं सरळ आहेत, त्याने खुशाल पाळावं. मला खटकते ती घाई. प्राणी घरी यायच्या आधी त्याची अंडी मोजणं. आपल्याला चार वर्षं हेच शिकवतात ना, की आउटपुट वाढवा, लॉसेस कमी करा. मग आपल्याला मादी म्हणजे कमी भरवशाचा इनक्युबेटर वाटायला लागते आणि आपण तिला 'रिप्लेस' करतो. मी केलं होतं आणि त्याचे बावीस मार्क घेतले. तू करशील तेव्हा पैसे घेशील, एवढाच फरक.

ती ज्या डब्यासाठी आली होती तो रिकामा पण नाही. पुढच्या रूममधल्या मुली थंडीत त्यात दही लावतात. तीस अंशांना उत्तम लागतं आणि आर्द्रतेची काही अडचण येत नाही. एकदा इडलीचं पीठही फुगवलं होतं, ते रात्रीतून रिलेवर आलं. तो प्रसंग मेसवाल्या काकांना माहीत आहे, इथे नको.

दुसरं म्हणजे, येत्या रविवारी हॉस्टेलमध्ये पेस्ट कंट्रोल आहे अशी नोटीस लागली आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या बाथरूममध्ये, गिझरच्या पाइपमागे, एक मादी आहे. मंगळवारी रात्री तिच्याकडे पिशवी दिसली. मी रेक्टर मॅडमना अर्ज दिलाय की तेवढं एक बाथरूम पंधरा दिवस वगळावं. मॅडमनी अर्ज दोनदा वाचला, "कारण: बाळंतपण" यावर पेन ठेवून माझ्याकडे बघितलं आणि "बघते" म्हणाल्या. सफाईच्या मावशींना मी सांगितलंय, त्या म्हणाल्या आमच्याकडे पण असतात, आम्ही नाही मारत. मजल्यावरच्या मुलींपैकी चौघींनी सही केली, बाकीच्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलंय.

तर फर्स्ट इयरच्या मॅडम, इनक्युबेटर मिळणार नाही. बघायचं असेल तर रात्री अकरानंतर ये. टॉर्च आण, त्यावर लाल जिलेटिनचा कागद लाव म्हणजे ती पळणार नाही. आणि पायात चप्पल असू दे, हातात नको.